दोराच्या वरच्या टोकाला

सोमवार, निघालो तो दिवस

बोलायला बंदी आहे म्हणून लिहिते आहे. नाहीतर मी आणि वही? शाळेत निबंधाचा तास आला की माझं पोट दुखायचं.

घरी मला सगळे टकळी म्हणतात. आईच्या मते मी झोपेतसुद्धा भांडते. आणि अशा मुलीला आत्यानं गलबतावरचं सगळ्यांत गप्प काम दिलं आहे! आत्या म्हणजे आमच्या गलबताची कप्तान. सकाळी धक्क्यावर मी तिला सवयीनं "आत्या" म्हटलं, तर तिनं अशी नजर टाकली की पुढचं वाक्य मी गिळूनच टाकलं. गलबतावर ती कप्तान आणि मी दोरवाली. नातं धक्क्यावर ठेवून यायचं.

काम काय आहे ते लिहून काढते, म्हणजे डोक्यात बसेल. ताई जिथे दिली आहे त्या बेटावरचे झरे खारट झालेत. आम्ही गोड्या पाण्याची पिंपं घेऊन तिकडे चाललो आहोत. ताईचं बाळ अजून रांगतसुद्धा नाही आणि ती त्याला पावसाचं साठवलेलं पाणी उकळून पाजते आहे. बेटाच्या अलीकडे दाढा लागतात, एखादी चुकार तर आधीच वाटेतही. दाढा म्हणजे खडक, पण एका जागी न थांबणारे. ते समुद्राच्या तळावर सरकत असतात, आज इथे तर उद्या तिथे, त्यामुळे नकाशाचा काही उपयोग नाही. सरकताना ते तळाला घासतात, आणि तो आवाज फक्त कानकऱ्याला ऐकू येतो.

कानकरी तळाच्या खोलीत, पाण्याच्या पातळीखाली, गलबताच्या लाकडाला कान लावून बसतो. दोराचं एक टोक त्याच्या हातात. दुसरं माझ्या हातात, वर, त्याच्या खोलीच्या झाकणाशेजारी. एक हिसका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, लांब ओढ म्हणजे थांबा. मी तसा हात करायचा, आणि सुकाणूवर उभे असलेले काका गलबत वळवणार. काका म्हणाले, "माकडालाही जमेल गं." मग माकडच आणायचं होतं.

नियम एकच. कानकऱ्याशी बोलायचं नाही आणि त्याच्या आसपासही बोलायचं नाही. त्याच्या घरच्यांचे आवाज जन्मापासून कानात असतात, त्यांचं काही नाही. पण एखादा नवा आवाज त्याच्या कानात बसला की तो निघत नाही, आणि खडकांचा आवाज त्याच्यामागे बुडून जातो. त्याला कान बाटला असं म्हणतात. ज्याचा कान बाटला त्याला पहिल्या बंदरात उतरवतात आणि जन्मात पुन्हा कुठल्या गलबतावर घेत नाहीत.

"आणि बाटवणाऱ्याचं काय करतात?" मी विचारलं.

"त्याला काही होत नाही," आत्या म्हणाली. ती एवढी चिडून का म्हणाली ते मला कळलं नाही.

बुधवार

काल दिवसभर रेलिंगला धरून होते. पोटात काही राहिलं नाही. आज बरी आहे. दोर धरून बसले, हिसके आले, हात केले, गलबत वळलं. खरंच माकडालाही जमेल.

एका हातात दोर, दुसरा हात मोकळा. मग लिहायला काय हरकत? आचारीण मावशीला खुणेनं विचारलं, तिनं खांदे उडवले. लिहिण्याचा थोडाच आवाज होतो. वही झाकणाच्या फळीवर ठेवली की मस्त टेकते.

दुपारी नांगर टाकल्यावर कानकरी वर आला. हवा खायला रोज एकदा येतो म्हणे. सगळे होते तिथे मुकाट उभे राहिले. मला वाटत होतं कोणी दाढीवाला म्हातारा असेल. हा तर माझ्याएवढा, विशीतला. अंगानं काटकुळा, उन्हात डोळे बारीक करणारा. डोक्याला कापूस भरलेली टोपी. वाऱ्यानं ती उडायला झाली तेव्हा त्यानं काढून नीट बसवली, आणि मला कान दिसले. एवढा गाजावाजा ज्या कानांचा, ते इतके बारके! जरा बाहेर आलेले, टोपीच्या उबेनं लाल झालेले. मला इतकं हसू आलं की मी तोंडात ओढणी कोंबली. गालावर मात्र एक खळी आहे, एकाच बाजूला. दुसरी कुठे राहिली कोण जाणे.

पेन्सिल बोथट झाली. चाकू मावशीकडे आहे आणि मावशी आपला चाकू सख्ख्या भावालाही देणार नाही.

गुरुवार

विचित्र दिवस. कानकरी वर आला तो टोपी पार भुवयांपर्यंत ओढून, हनुवटीखाली घट्ट गाठ मारून. उकाड्यात! तोंड लालबुंद झालं होतं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि लगेच आभाळाकडे बघत बसला. ऊन लागलं असावं.

त्याची जेवणाची टोपली मी वर ओढली तर रिकाम्या वाडग्याशेजारी एक शिंपला. एका बाजूनं चांगला धारदार. मावशी खुणेनं म्हणाली, कचरा आहे, फेक. मी त्यावर पेन्सिल घासून पाहिली, झकास टोक निघालं. नशीब लागतं कधी कधी.

शनिवार

काही उमगत नाही. कालपासून दोराला मधूनच तीन हलके हिसके येतात. एक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. तीन म्हणजे काय, हे मला कोणी सांगितलेलं नाही. पहिल्यांदा मी गोंधळून दोन्ही हात वर केले. काकांनी सुकाणू सोडून कपाळाला हात लावला.

तहान लागली असेल म्हणून पाणी पाठवलं. पाणी तसंच परत. मग गोधडी पाठवली, तीही परत आली, पण नीट घडी करून. मग उकडलेला बटाटा. तो खाल्ला. तरी थोड्या वेळानं पुन्हा तीन हिसके.

नांगर टाकल्यावर मागच्या टोकाला जाऊन काकांना विचारलं. तिथे बोलायला चालतं.

"तीन हिसके? हातात चमक भरली असेल त्याच्या."

मावशी म्हणाली, "भूक. बाप्यांना दुसरं काय होतं?" मग माझ्याकडे बघत राहिली. "तू लिहिताना पुटपुटतेस, माहितीये का तुला?"

"छे, काहीतरीच!"

"ओठ हलतात तुझे."

ओठ हलत असतील, पण ओठ हलण्याचा काय आवाज? मावशीला उगाच खोड काढायला आवडते.

संध्याकाळी गंमत म्हणून मीच खाली तीन हिसके दिले. दोर अगदी स्तब्ध झाला. मी घाबरले, म्हटलं आता हा वर येतोय आणि तक्रार करतोय. तेवढ्यात खालून तीन आले. मग माझे तीन. मग त्याचे. चेंडू खेळल्यासारखं बराच वेळ चाललं होतं. काय चाललं होतं ते मला माहीत नाही, पण थांबवावंसं वाटेना.

सोमवार

सकाळी आवरून मी इतक्या लवकर झाकणाशी येऊन बसले की डेक पुसणारे खलाशी माझ्या पायाभोवतीनं पुसत राहिले. एवढी घाई कसली होती ते मला विचारू नका.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. मला त्या कानकऱ्याबद्दल काही वाटत नाही.

हे लिहिलं आणि दोर एकदम ढिला पडला. खाली हातातून सुटला की काय!

बरं, अगदीच काही वाटत नाही असंही नाही.

दोर पुन्हा ताठ झाला. लाट वगैरे आली असेल. समुद्राचं काही खरं नसतं.

मला भीती वाटते ती ताईच्या बेटाची. म्हणजे बेटावर पोचण्याची. तिथे गलबत रिकामं होणार, मग परत, मग घर, मग हा कोण आणि मी कोण. त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही मी. बोललं तर त्याचा समुद्र जाईल. आणि समुद्र गेला तर त्याच्याकडे दुसरं काय आहे? तळाच्या खोलीत अंथरूण आणि टोपी. असल्या माणसाचं नुकसान मी करणार नाही, एवढं ठरवलं आहे. तोंडाला कुलूप. दोन हिसके आले आ

मंगळवार

काल वाक्य अर्धंच राहिलं. उजवीकडचे हिसके आले, मी हात केला, काकांनी वळवलं, आणि गलबत सरळ खडकावर घासलं. दाढांपैकी एखादी चुकार असेल, कळपातून पुढे आलेली. लाकूड फाटल्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, आता विसरणार नाही. भोक पडलं नाही, पण पिंपांची एक ओळ कोसळली आणि फुटली. गोडं पाणी डेकवरून वाहत समुद्रात जाताना सगळे नुसते बघत होते. मला ताईचं बाळ आठवलं.

कानकरी चुकत नाही. म्हणजे आजवर चुकलेला नाही. त्यामुळे सगळ्यांच्या मनात एकच आलं आणि कोणी ते बोललं नाही. मग आत्यानंच हुकूम दिला, "पारख घ्या."

पारख अशी असते. कानकऱ्याला डेकवर पाठमोरा बसवतात, टोपी काढून. एकेक जण येतो आणि त्याच्या मागे उभा राहून तांब्याभर पाणी डेकवर ओततो. स्वच्छ कानाला सगळी माणसं सारखीच, तो कोणासाठी मान वळवत नाही. बाटलेला कान त्या एका माणसासाठी वळतोच, कितीही ठरवलं तरी. काका ओतून गेले, मावशी गेली, सगळे खलाशी गेले. आत्यानंही ओतलं. त्याची मान सरळ.

मग मी. मी इतकं जपून ओतलं की पाणी धारेनं न पडता ठिबकतच राहिलं. तो वळला नाही. खांदासुद्धा हलला नाही. फक्त त्याचा हात डेकच्या फळीच्या कडेवर होता, आणि मी तांब्या खाली ठेवला तेव्हा त्याच्या नखातून रक्त येत होतं. लाकडाची सल गेली असणार, फळ्या जुन्या आहेत.

तो पास झाला. मला आनंद व्हायला हवा होता. मी पिंपांच्या मागे जाऊन रडले. वेडी आहे का मी? तो वळला असता तर त्याचं आयुष्य गेलं असतं, आणि मला वाईट कशाचं वाटतंय, तर तो वळला नाही याचं! स्वतःचाच इतका राग आला की जेवले नाही.

संध्याकाळी आत्यानं दोर माझ्याकडून काढून मावशीला दिला.

"पण का? पारखेत तर तो निघाला ना बरोबर?"

"निघाला," आत्या म्हणाली. "इतर कोणाच्या वेळी त्यानं फळी धरली नव्हती."

याचा काय अर्थ? मी दोनदा विचारलं. आत्या सुकाणूकडे निघून गेली.

बुधवार

मागच्या टोकाला शिडांच्या ढिगाऱ्यावर बसून लिहिते आहे. इथून झाकण दिसतही नाही, पिंपांवरून मावशी तेवढी दिसते. मावशी दोर धरून जांभया देते आहे. म्हणाली, सकाळपासून एकही हिसका नाही. खालून टोपली भरलेलीच परत आली. रुसला असेल का? कोणावर? माझ्यावर रुसायचं कारण काय, मी तर त्याचं भलंच करते आहे.

धुकं उतरायला लागलं आहे. काका म्हणतात, दाढा सुरू झाल्या. गलबताच्या खालून मधूनच बारीक थरथर येते, आता ती आम्हालाही कळते. काकांची मस्करीसुद्धा बंद झाली. ताईच्या बेटाची घंटा एकदा ऐकू आली असं वाटलं, पण कुठून आली ते सांगता येत नाही. धुक्यात आवाज सगळीकडूनच येतो.

लिहिणं थांबवते. मावशी उभी राहून दोन्ही हात हलवते आहे.

गुरुवार, बेटावर

काल काय झालं ते क्रमानं लिहायचा प्रयत्न करते. क्रम लागेल की नाही माहीत नाही.

मावशीच्या हातातल्या दोराला लांब ओढ लागली होती. थांबा. ओढ सुटेचना. आत्यानं नांगर टाकायला लावला, शिडं उतरवली. धुक्यात उभं राहिलो. तेवढ्यात झाकण आतून उघडलं आणि कानकरी आपण होऊन वर आला. हे कधी होत नाही. त्यानं गाठ सोडली, टोपी काढली, आणि सगळ्यांसमोर डेकवर ठेवून दिली.

मग तो बोलला. आवाज घोगरा, वापर नसलेल्या दारासारखा.

"मला खडक ऐकू येत नाहीत. काल पारखेत मी खोटं वागलो. मला फक्त हिचं ऐकू येतं."

सगळे माझ्याकडे वळले. मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे कोणी आहे का म्हणून.

"मी एक शब्दही बोललेले नाही!" मी ओरडले. "आत्या, शपथ! फक्त लिहिलं!"

"लिहिताना बोलतेस," तो म्हणाला. "फळीला तोंड लावून. पहिल्या दिवसापासून. मी ऐकायचं नाही असं ठरवत होतो. मग तू लिहायला कधी बसतेस याची वाट बघायला लागलो."

मावशी म्हणाली, "सांगितलं होतं हिला."

सगळे मरणाच्या दारात उभे होते आणि माझ्या डोक्यात मात्र पानं उलटत होती. कान. खळी. बटाटा. अगदीच काही वाटत नाही असंही नाही. सगळं त्यानं ऐकलं होतं! शिंपला, टोपीची गाठ, ढिला पडलेला दोर. मला त्याच क्षणी समुद्रात उडी मारावीशी वाटली.

"ते तीन हिसके कसले होते?" असल्या वेळी मी हे विचारलं.

"तू आहेस ना ते बघायचो."

एक खलाशी म्हणाला, "त्या पोरीपायी बुडणार आपण सगळे." काकांनी त्याला गप्प केलं, पण तेही काही वेगळं बोलू शकले नाहीत. खालची थरथर वाढत होती. नांगर टाकून थांबलो तरी खडक थांबत नाहीत. आत्या कठड्याला धरून उभी होती. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. रागावलेली नव्हती. दुसरंच काहीतरी होतं.

"मी कुठे आहे ते तुला धुक्यात कळतं?" मी त्याला विचारलं.

"कुठेही असलीस तरी."

"नक्की कुठे? की नुसतं आहे एवढंच?"

त्यानं डोळे मिटले. "आत्ता तू डाव्या पायावर भार दिला आहेस."

दिला होता. मग माझ्या डोक्यात आलं ते मी विचार न करता बोलून टाकलं, जसं मी नेहमीच बोलते. लहान होडी घेऊन मी पुढे जाते. होडी हलकी, खडकांच्या वरून तरंगत जाईल. बांबूनं खाली चाचपून बघते. जिथे खोल पाणी तिथून मी जाणार आणि तोंडानं बोलत राहणार. हा काकांच्या शेजारी उभा राहून मी आहे तिकडे बोट दाखवेल, आणि गलबत माझ्या मागोमाग येईल.

"आणि खडक होडीखाली आला तर?" आत्यानं विचारलं.

"तर गलबताला कळेल की तिकडून जायचं नाही."

आत्यानं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "होडी सोडा." पाठोपाठ, अगदी हळू, "जपून गं." गलबतावर पहिल्यांदाच ती माझ्याशी आत्यासारखी बोलली.

मी होडीत बसले आणि क्षणात गलबत दिसेनासं झालं. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचेना! इतके दिवस तोंड शिवून बसले होते आणि आता बोल म्हटल्यावर डोकं कोरं. शेवटी सतराचा पाढा म्हणायला सुरुवात केली. सतरा सातं चुकले. मग शेजारच्या काकूंची भांडणं सांगितली, काकूंचा आवाज काढून. मग ताईनं लहानपणी माझी बाहुली विहिरीत टाकली होती ते. वल्हं दोनदा मारायचं, बांबू खाली घालायचा, टेकला नाही की पुढे. बोलत राहायचं. मागे लाकूड करकरायचं, म्हणजे गलबत येत होतं.

एकदा बांबू टेकला आणि टेकलेलं ते हललं. होडी एका अंगानं वर उचलली गेली. पाण्यातून काळी पाठ वर आली, शेवाळलेली, शिंपल्यांनी भरलेली, आणि हळूहळू माझ्या शेजारून सरकत राहिली. मी किंचाळले, "इथे नको! उजवीकडे जा, माझ्याकडे येऊ नकोस, उजवीकडे!" धुक्यात गलबताची सावली थांबली आणि वळली. मला रडू यायला लागलं, पण रडताना बोलणं थांबेल म्हणून रडत रडत बोलत राहिले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. जे कधीही वहीत लिहिलं नसतं तेच बोलले असणार, कारण नंतर काका माझ्या नजरेला नजर देत नव्हते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते.

घंटा अचानक समोरून, जवळून आली. धुकं संपलं. धक्क्यावर ताई बाळाला कडेवर घेऊन उभी होती. माझा आवाज पार बसला होता. तिला हाक मारायला गेले तर तोंडातून नुसती हवा.

शुक्रवार

पिंपं उतरवून झाली. फुटली ती सोडून सगळी पोचली. विहिरीवर असते तशी गर्दी धक्क्यावर होती, भांडी घेऊन. ताईचं बाळ माझं बोट घट्ट धरून पाणी प्यायलं.

मला वाटलं होतं, त्यानं सगळ्यांना वाचवलं, तर नियम बाजूला ठेवतील. आत्याकडे गेले. ती म्हणाली, "नियम मोडला म्हणून नाही उतरवत आहे मी त्याला. त्याला आता खडक ऐकू येत नाहीत. येणार नाहीत. गलबतावर तो करणार काय?"

चूक माझी, आणि समुद्र गेला त्याचा. बाटवणाऱ्याला काही होत नाही म्हणतात ते कोणत्या मूर्खानं ठरवलं?

धक्क्याच्या टोकाला एक वयस्कर माणूस उभा होता. तो भांडं घेऊन आलेला नव्हता. ताई म्हणाली, गलबत धुक्यात असतानाच येऊन उभा राहिला, नेहमीच असा येतो, आमचंच गलबत असलं तर. डोकं एका बाजूला कललेलं, डोळे मिटलेले. आत्या डेकवर जिकडे जाईल तिकडे त्याची मान हळूहळू वळत होती. आंधळा असेल बिचारा. मी आत्याला विचारलं, हा कोण? ती म्हणाली, "दोर आवर."

मग तिनंच विचारलं, "तू येणार आहेस की राहणार आहेस?"

"येते की," मी म्हटलं. "एक फेरी करून येते. तो कुठे पळून जाणार आहे? पुढच्या फेरीला परत येऊच."

आत्या दोर गुंडाळत होती, तिचे हात थांबले.

"मीही हेच म्हटलं होतं," ती म्हणाली.

"कधी? कुठली फेरी?"

तिनं दोराची गुंडाळी खुंटीला अडकवली आणि खाली आपल्या खोलीत निघून गेली. काय म्हणायचं होतं तिला, देव जाणे. पण मला उगाच धडकी भरली. मी दोनदा शिडीपर्यंत गेले आणि दोनदा परत आले. गलबत मला आवडतं. लहानपणापासून मला दुसरं काही नको होतं. बोचकं बांधलं तेव्हाही मी स्वतःला सांगत होते की नुसती ताईकडे कपडे धुवायला नेते आहे.

रविवार

गलबत सकाळी गेलं. मी धक्क्यावरून हात हलवत होते. काकांनी टोपी हलवली, मावशीनं चाकू. दाढांसाठी त्यांनी बेटावरचा एक नवा कानकरी घेतला आहे, आणि दोर मावशीकडे, कारण मावशी जांभईखेरीज कसलाच आवाज करत नाही. आत्या शेवटपर्यंत वर आली नाही. तो वयस्कर माणूस मात्र गलबत दिसेनासं झालं तरी कितीतरी वेळ तसाच मान वळवत उभा होता. ताईनं त्याला जेवायला बोलावलं तेव्हा त्यानं हातानं थांब म्हटलं.

मी बरोबर केलं का? ताई म्हणते, "आता विचारतेस?"

दुपारी तो आणि मी बंधाऱ्यावर बसलो. आता बोलायला कोणाची बंदी नाही, आणि मला पुन्हा काही सुचत नव्हतं. त्याला टोपी नसल्यामुळे चुकल्यासारखं होत होतं, सारखा कानांना हात लावत होता. जवळून पाहिले तर इतके काही बारके नाहीत.

"खडकांची आठवण येते?" मी विचारलं.

"येते."

"माझा राग येतो?"

त्यानं पुन्हा कानाला हात लावला. "मधूनमधून."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण मग पारखेच्या वेळी त्यानं जे केलं त्यापेक्षा हे बरं, असंही वाटलं. मी वाळूत बोट फिरवत राहिले.

"जरा लांब जा ना," तो म्हणाला.

मी बघतच राहिले. गलबत सोडलं, आत्याला दुखावलं, आणि हा म्हणतो लांब जा!

"किती लांब?"

"त्या टोकाच्या दिव्यापर्यंत. आणि मग परत ये. तू रोज सकाळी झाकणाशी यायचीस तेव्हा डेकवर सगळ्यांचेच पाय वाजत असायचे. तू एकटी येताना कशी ऐकू येतेस ते मला माहीत नाही."

याला काय म्हणायचं? फणकाऱ्यानं उठले आणि गेले. दिव्याला हात लावला. परत येताना ठरवलं की एक अक्षर बोलायचं नाही, चपला हातात घेऊन अनवाणी जायचं, बघू याला काय कळतं ते. तो समुद्राकडे तोंड करून बसला होता, माझ्याकडे पाठ. वारा त्याच्याकडून माझ्याकडे येत होता. मी अजून अर्ध्या वाटेवर होते, तोच तो बाजूला सरकला, आणि शेजारचा ओला दगड त्यानं बाहीनं पुसून ठेवला.